कल्हई केलेलं पातेलं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते ओव्हरसियरकाकूंचं. दिग्रसजवळच्या आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. मी यवतमाळला शिकायला आलो, तेव्हा रस्त्यांच्या कामावरच्या एका ओव्हरसियरसाहेबांनी लोहाऱ्याच्या वाटेवरच्या आपल्या क्वार्टरमागची खोली मला राहायला दिली, आणि त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, रोज संध्याकाळी मला शिकवलं. इंग्रजी शिकवलं, मराठीही शिकवलं. "मले नाही, मला. पेपरात मले लिहिलंस तर तपासणारा तुले नापास करेल," असं म्हणून त्या हसायच्या.

ते दोघं अलिबागेकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. यवतमाळात त्यांच्या धर्माचं दुसरं घर निदान मला तरी माहीत नव्हतं. शनिवारी त्यांची चूल पेटत नसे. बाजारातलं मटण ते घेत नसत, कारण त्यांच्या रीतीने कापणारं इथे कुणी नव्हतं. काका महिन्यातून एखादी कोंबडी प्रार्थना म्हणून स्वतः कापत. मग काकू ते मांस मिठात घोळून तासभर कलत्या फळीवर ठेवत आणि तीनदा धूत. "रक्त म्हणजे जीव. तो खायचा नाही," एवढंच त्या सांगत. हे मी त्या घरात कितीतरी वेळा पाहिलं होतं. फळीवर पाणीही मीच ओतून देत असे.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात काका तापाने गेले. उन्हाळ्यापर्यंत क्वार्टरमध्ये राहायची परवानगी काकूंना मिळाली. नंतर त्या भावाकडे अलिबागला जाणार होत्या. मूलबाळ नव्हतं. जाण्याआधी एकच मोठा सण उरला होता. तिकडचे लोक त्याला अनाशी ढाकण्याचा सण म्हणतात. आंबट कालवणाची बरणी आठ दिवस झाकून ठेवायची, घरात आंबलेलं काही ठेवायचं नाही, बेखमीर भाकर खायची. काका दर वर्षी त्या रात्री त्यांच्या पूर्वजांच्या मिसरच्या गुलामीतून सुटकेची सगळी गोष्ट वाचून दाखवत. "या वर्षी मी वाचीन. या घरात त्यांच्यासाठी एवढं एकदा नीट होऊ दे. मग मी सुखाने कुलूप लावीन," काकू म्हणाल्या होत्या.

म्हणून त्या महिनाभर राबल्या. भिंतींना चुना दिला. फळ्या, डबे, फटी झाडून पिठाचा कण राहू दिला नाही. गहू एकेक दाणा निवडून घरच्या जात्यावर दळले, कारण गिरणीत आधीचं काय लागलेलं असेल सांगता येत नाही. भांडी मी हातगाडीवर घालून कल्हईवाल्याकडे नेली. त्यांत काकूंच्या सासूचं तांब्याचं मोठं पातेलं होतं. कल्हईवाल्या चाचांनी कापसाचा बोळा फिरवला आणि पातेलं आरशासारखं झालं. "लग्न आहे काय रे घरात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, बाई एकट्याच आहेत." त्यावर त्यांनी पुन्हा एक हात फिरवला.

सणाच्या दिवशी पातेलं धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर पालथं घातलेलं होतं. त्यात खजुराचा रस आटवायचा होता. काकू आतल्या खोलीत खजुराच्या बिया काढत होत्या. दुपारी माझी याडी, म्हणजे आई, एस.टी.ने आली. मी बी.ए.चं पहिलं वर्ष पास झालो त्याचा राहिलेला नवस फेडायला तिने बकरं कापलं होतं, आणि ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यासाठी सळोई आणली होती. आमच्यात ते मानाचं कालवण. ते बकऱ्याच्या रक्तात शिजतं.

"बाई कुठी आहे? वाळला ना रे तू! पुस्तकं खाऊन राह्यला का?" म्हणत ती स्वयंपाकघरात शिरली. डबा तिला चारच्या गाडीने परत न्यायचा होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, पातेलं सुलटं केलं, आणि डबा त्यात रिकामा केला.

मी दारात उभा होतो. पातेल्याला हात लावण्यापासून डबा कलता होईपर्यंत "याडी, थांब" म्हणण्याएवढा वेळ होता. मी म्हटलं नाही.

काकू बाहेर आल्या. त्यांनी पातेल्यात पाहिलं, मग याडीच्या तोंडाकडे.

"माह्या पोराच्या नवसाचं आहे, बाई. एक घास खा माह्यासमोर."

"आज माझा उपास आहे हो," काकू म्हणाल्या.

"मंग सांजच्याला खा. गरम करजा, थंडं खाल्लं तं पोट दुखते." याडी समाधानाने बसली. उपास तिला समजत होता. काकूंनी तिला पाणी दिलं, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, फाटकापर्यंत पोचवलं.

परत येऊन त्या ओट्याला टेकून खाली बसल्या. सूर्य मावळला की सण लागणार होता.

"मिठातलं मांस तू पाहिलं आहेस ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"विसरलो," मी म्हणालो.

रक्तातलं अन्न घरात आल्यावर सण नीट होणार नव्हता, म्हणून त्या रात्री वाचन झालं नाही. काकूंनी नव्या मडक्यात भात शिजवला आणि मीठ घालून खाल्ला. बरणी मात्र झाकली. खजूर तसेच राहिले, त्यांना मुंग्या लागल्या. वैशाखात त्या गेल्या. जाताना पातेलं घासून माझ्याकडे दिलं. "आईला दे. माझी भेट म्हणून सांग."

याडीने ते मरेपर्यंत पाणी भरायला वापरलं. येईल त्याला दाखवायची. "माह्या पोराच्या बाईनं देलं. तिनं माह्या हातचं खाल्लं."

याडी गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी मारेगावहून काकूंना पत्र टाकलं. ते असं होतं :

"काकू,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. मी बी.ए. झालो, इथल्या शाळेत मास्तर आहे. याडी या पौषात गेली, म्हणून आता लिहिता येतं.

त्या दिवशी मी विसरलो नव्हतो. दिग्रसच्या बाजारात याडीला लोक वरून ओंजळीत पाणी ओतायचे, ते मी पाहत वाढलो. तुम्ही पहिल्या भेटीत तिच्या हातची ज्वारीची भाकर खाल्ली होती. तिने ते अख्ख्या तांड्याला सांगितलं होतं. तिच्या हातातला डबा मी कसा थांबवू, असं वाटलं, आणि मी तुमचा सण जाऊ दिला. काकांचाही. वर खोटं बोललो. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही, त्याचं ओझं जास्त आहे.

पातेलं आता माझ्याकडे आहे. कल्हई करून घेता येईल, पण तुमच्या रीतीने तेवढ्याने ते शुद्ध होतं का, मला ठाऊक नाही. कळवलंत तर तसं करून घेऊन येईन. कळवावंसं वाटलं नाही तरी चालेल. तुमच्या सणाचे आठ दिवस मी ते फडक्यावर पालथं ठेवीन. त्यात काही शिजवणार नाही."