विलासचा ठोसा

धाकटा भाऊ विलास बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारत होता आणि मी बाकावर बसून पाहत होते. त्याचे पाय अजून संथ आहेत, पण ठोसा बसला की समोरचा उठत नाही. असाच एकेकाला आडवं करत तो विजेतेपदाच्या लढतीपर्यंत आलाय. समोर तोच विजेता आहे, ज्यानं घंटा झाल्यावर ठोसा मारून आमच्या दादाचा डोळा घालवला.

"ताई, मला नुसतं जिंकायचं नाहीये," विलास म्हणाला.

"जपून रे," असं म्हणायला हवं होतं. पण माझ्याच मुठी वळल्या होत्या. राग निवतो म्हणतात. आमच्या घरात तो नुसता वयात आला.

बॅग धरून दादा उभा होता. कधी कुणाला दुखवून न बोललेला तो माणूस हळूच म्हणाला, "अजून जोरात."