पंचेचाळीस अधिक पंधरा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! नांदेडात वीस वर्षं गणित शिकवलं, पण टायरातल्या हवेनं लातुरात माझी जी शोभा केली, ती आठवली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती. लातूरच्या क्लासचं वेड घरोघरी शिरलेलं. आमच्या पोरीची, वर्षाची, दहावी झाली आणि तिथल्या एका क्लासच्या प्रवेश परीक्षेचं बोलावणं आलं. अकराला दार बंद म्हणजे बंद! पेपर तिचा, घाई माझी.

आदल्या दिवशी आमची जुनी गाडी टायरवाल्या रहीमभाईंना दाखवली.

"मास्तर, टायर मधीच घासलं, कडा कोऱ्या हायेत. हवा किती भरून राहिले?"

"पंचेचाळीस. कमी पडायला नको म्हणून."

"या अल्ला! चारीमधी तीस ठेवा, बास."

ठेवायचे ना गुपचूप तीस? पण मी पडलो गणिताचा मास्तर! म्हटलं, पंचेचाळीसनं मध्य झिजला, आता पंधरा ठेवले की कडा झिजतील. पंचेचाळीस अधिक पंधरा, भागिले दोन, तीस! टायर एकसारखं. घरी येऊन, मीटर लावून, स्वतःच्या हातानं हवा सोडली.

सकाळी तिघं निघालो. अहमदपूर गेलं आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. मग सीट. मग अख्खी गाडीच डुलायला लागली. बायकोचं माहेर शिरूर अनंतपाळ. भूकंपाच्या पहाटे ती तिथंच होती. ती किंचाळली.

"अहो, धरणी हालून राहिली! उतरा आधी!"

मीही करकचून ब्रेक दाबला. तिघंही शेतात, झाडं-तारा टाळून, उकिडवे बसलो. अर्धा तास! शेवटी बैल घेऊन एक शेतकरी आला.

"काय झालं, पाव्हणं?"

"भूकंप!"

"आमाला कसा न्हाई कळला?" त्यानं गाडीकडे पाहिलं. "टायरात हवा हाय का? पार बसलेत की!"

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

रखडत चाकूर गाठलं, हवा भरली आणि लातुरात पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झालेली. आत पोरं पेपर लिहिताहेत, माझी पोरगी दाराबाहेर, आणि का, तर बापाचं डोकं! रडूच फुटायचं बाकी होतं.

"एवढा उशीर?" वॉचमननं विचारलं.

गणिताचा मास्तर हवेत चुकला, हे कोणत्या तोंडानं सांगू? निघून गेलं तोंडातून, "भूकंप झाला हो!"

लातुरात हा शब्द असा मोठ्यानं बोलतात का? वॉचमननं शिट्टी फुंकली, "भूकंप! भूकंप!" आणि दोन मिनिटांत अख्खा हॉल मैदानात. पोरं, सर, झेरॉक्सवाला, समोरच्या मेसच्या मावशी हातात लाटणं घेऊन!

मुख्य सर धापा टाकत आले. "कुठं झाला? कुणाला जाणवला?"

वर्षानं माझ्याकडे बोट केलं.

"सर, पप्पांच्या गाडीत झाला. हवा पंधरावर आणली होती. सरासरी काढून."

सरांनी कपाळावर हात मारला. तोवर पोरांनी मैदानात उत्तरं जुळवून घेतली होती, म्हणून दुसरा पेपर काढणं भाग पडलं. बारा वाजता.

"पोरीला बसू देतो," सर म्हणाले, "पण घरी गणित कोण घेतं हिचं?"

"कुणीच नाही, सर!" वर्षा घाईघाईनं बोलली. "माझं मीच करते."

सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

"मास्तर आहे."

"विषय?"

लेकीच्या प्रवेशाचा प्रश्न होता हो.

"मराठी," मी म्हणालो.