सोमवारची चूल

हातात वर्तमानपत्र आलं की बाबा ते लगेच वाचत नसत. पहिल्या पानाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळून बघत. ते नेपानगरच्या कागद गिरणीत कारकून होते. कागद आपल्याकडचा की बाहेरचा, हे आपल्याला बोटांनी कळतं असं ते म्हणत. "आपला आहे," असं ठरवून ते पेपर माझ्याकडे देत आणि मी वाचायला बसे.

तो मुंबईचा इंग्रजी पेपर एक दिवस शिळा होऊन दुपारच्या गाडीने यायचा. बुधवारा पेठेतल्या आमच्या गल्लीत तो फक्त आमच्या घरी येई, तोही माझ्यामुळे. मी बाहेरगावी नन्सच्या शाळेत वसतिगृहात शिकले, मॅट्रिक होऊन घरी परतले, आणि माझं इंग्रजी गंजू नये अशी बाबांची इच्छा होती. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची. घरी आल्यावर मराठीत शब्द सापडायला वेळ लागायचा, आणि गल्लीत निम्म्या घरांत हिंदी. गप्प राहण्याची सवय मला तिन्ही भाषांत एकदमच लागली.

पेपर वाचताना मात्र माझा आवाज निघायचा. दिवेलागणीला बाबा गाडीने परतले, हातपाय धुऊन ओट्यावर बसले, की आई आणि शेजारच्या दोनतीन बायका येऊन बसत. मी आधी इंग्रजी मनात वाचायची, मग मराठीत सांगायची, आणि समोरच्या घरातल्या चाचींसाठी तेच हिंदीत. शब्द माझे नव्हते, म्हणून कदाचित सोपं जायचं. आई त्या वेळी काही निवडत बसलेली असे आणि मान वर न करता ऐके. माझी मुलगी वाचते, हे तिच्या पाठीवरूनसुद्धा कळायचं.

चाची आमच्या गल्लीत नव्या होत्या. राज्य नवं झाल्यापासून आमच्या गावाची दिशाच बदलली होती. कोर्टकचेरीसाठी नागपूरकडे बघायची सवय असलेली माणसं आता भोपाळकडे बघत होती, आणि कुठून कुठून बदली होऊन आलेली कुटुंबं गल्ल्यांत राहायला येत होती. चाचींचे यजमान रेव्याकडून आले होते. आईला त्या जीजी म्हणत, मला बिटिया. आमची भाकरी थापताना बघून त्या पहिल्यांदा हसल्या होत्या, आणि त्यांच्या फुलक्यांचा आकार बघून आई म्हणाली होती, "एवढ्याशाने पोट भरते का कुणाचं?"

त्या दिवसांत पेपरात सगळ्यात जास्त बातम्या खाण्याच्या असत. कुठल्या बंदरात गव्हाचं जहाज लागलं, कुठे पाऊस झाला नाही, कुठे धान्य बाहेर न्यायला बंदी आली. मग त्या जहाजांतलं धान्य आमच्याही रेशनच्या दुकानात आलं. गव्हाबरोबर लाल ज्वारी आली. तिला सगळे मायलो म्हणत. आमच्याकडची ज्वारी पांढरी, मोत्यासारखी. ही विटकरी रंगाची, जाड सालीची. परदेशात ती गुरांना घालतात असं इतवाऱ्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं आणि ते गावभर झालं. आईने तिची भाकरी करून बघितली. थापतानाच कडा फाटल्या, तव्यावर टाकताना मधोमध दुभंगली. उकळतं पाणी घालून मळलं, तरी तेच. बाबांनी ते तुकडे दुधात कुस्करून खाल्ले. आई त्यांच्या ताटाकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी चाचींनी मायलो जाडसर भरडून आणायला सांगितलं. त्यांच्या गावाकडे ज्वारी ताकात शिजवून महेरी करतात. मंद आचेवर, ढवळत ढवळत, दाट होईपर्यंत. मग कुणी मीठ घालून खातं, कुणी गूळ. आईने त्यावर तिचा मिरचीचा ठेचा घेतला. चाचींनी एक बोट ठेचा चाखला आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या, "जीजी, यह तो जान ले लेगा," आणि परत बोट पुढे केलं. त्या आठवड्यापासून आमच्याकडे महेरी आणि त्यांच्याकडे ठेचा सुरू झाला. फुलके करायलाही आई त्यांच्याकडूनच शिकली, कारण आता गहू होता आणि तो संपवायचा होता.

अशातच पंतप्रधानांचं सोमवारचं आवाहन आलं. देशात धान्य कमी आहे, तर प्रत्येकाने आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडावं, सोमवारी संध्याकाळी. रेडिओवर गल्लीने ऐकलं होतंच, पण पेपरात आलं ते मी वाचून दाखवलं, तिन्ही भाषांत. त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त बायका आल्या होत्या. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहणार असं मी सांगितलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं की मग नवऱ्यांची पंचाईत. सगळ्या हसल्या. बाबा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या घरात सोमवारी चूल पेटणार नाही." ऑफिसातही त्यांनी तसं सांगून टाकलं.

आई माझ्यासाठी सोमवार करायची, हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही.

शाळेत असताना मला टायफॉईड झाला होता. मी वाचले, तेव्हापासून तिने हा उपास धरला. तो कडक होता. दिवसभर फक्त चहा, आणि दिवेलागणीला महादेवाला नैवेद्य दाखवून ताज्या अन्नावर उपास सोडायचा. संध्याकाळचं जेवण हे तिचं त्या दिवसाचं एकमेव जेवण. आता त्याच वेळी चूल बंद. चूल नाही तर अन्न नाही, अन्न नाही तर नैवेद्य नाही, आणि नैवेद्य नाही तर उपास सुटणार कसा? तो मंगळवारी सकाळी अंघोळ करून, स्वयंपाक झाला की सुटायचा. म्हणजे रविवारी रात्री जेवलेली आई मंगळवारी सकाळीच जेवायची.

पहिल्या सोमवारी बाबांनी विचारलं होतं की तुझ्या उपासाचं काय. ती म्हणाली, "मी आता दुपारीच सोडते." बाबा सकाळच्या गाडीने जात, त्यांना दुपारचं काय दिसणार? मला दिसत होतं. मी दिवसभर घरात असायची. दुपारी ती चहा घ्यायची आणि पाटावर डोकं टेकून पडायची.

मी तिला एकदाच म्हटलं, की असा उपास करू नकोस. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्यासाठीच धरला आहे. तूच मोडायला सांगते?" मग जरा वेळाने म्हणाली की बाबांना बोलू नकोस, त्यांनी ऑफिसात शब्द दिला आहे, ते जिवाला लावून घेतील. एका दिवसात देवाचंही होते आणि देशाचंही होते, बरंच आहे.

मी गप्प बसले. गप्प बसणं मला येत होतं. आणि खरं सांगायचं तर, ती बातमी मी वाचून दाखवली होती आणि त्या संध्याकाळी सगळ्यांनी माझं ऐकलं होतं, हेही त्यात होतं.

असे कितीतरी सोमवार गेले. मग एका मंगळवारी पहाटे ती बाबांच्या डब्याचे फुलके करत होती. मी पाणी भरत होते. मागे वळले तर ती बसल्या जागी पुढे झुकत चालली होती, झोप लागल्यासारखी, आणि तोल सावरायला तिने हात टेकला तो तापल्या तव्यावर. ती ओरडली नाही. मी तिला मागे ओढलं. बाबा मोरीतून काय झालं म्हणून विचारत होते. "चटका बसला जरा," ती म्हणाली, आणि डावा हात पाण्याच्या घागरीत बुडवून उजव्या हाताने उरलेले दोन फुलके भाजले. डबा भरला. बाबा सायकलवर टांग टाकून आमच्या गावच्या लालबाग स्टेशनाकडे गेले.

चाची कोरफड घेऊन आल्या. त्यांनी तळहात उघडून बघितला. कोरफडीचा गर लावून, फडकं बांधून झाल्यावर म्हणाल्या, "जीजी, कल क्या खाया था?"

"काल तर सोमवार होता ना," आई म्हणाली.

चाचींनी हिशोब केला असावा. त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "बिटिया, तू सारे मोहल्ले को दुनिया की ख़बर सुनाती है. अपने घर की किसको सुनाएगी?"

तो आठवडाभर मी ते वाक्य घेऊन फिरत होते. बाबांना सांगू नको असं आईने बजावलं होतं. उपास मोडायला सांगण्याचा मला हक्क नव्हता, कारण तो माझ्यासाठीच होता. मला बदलता येईल अशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे बातमी.

पुढच्या सोमवारी दिवेलागणीला सगळे ओट्यावर जमले. आई हाताला बांधलेलं फडकं पदराखाली धरून बसली होती. मी पहिल्या पानावरची जहाजांची बातमी सांगितली. मग पान उलटलं, आणि आतल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून मी सांगायला लागले. इंग्रजी मनात वाचण्यासाठी थांबते तशी थांबलेसुद्धा. ज्या बायकांचा सोमवारचा उपास असतो, त्यांनी संध्याकाळी नेहमीसारखं जेवून उपास सोडावा. त्यांच्याकडून सोमवारची अपेक्षा नाही. अशा घरांनी दुसरा कुठलाही वार धरला तरी चालेल.

त्या कोपऱ्यात सायकलच्या टायरची जाहिरात होती.

चाची लगेच म्हणाल्या, "हिंदी में भी बोल." मी हिंदीत बोलले. माझा आवाज नीट होता, पण कान तापले होते. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. मी तशी कधीच उभी राहिले नव्हते.

बाबांनी हात पुढे केला. मी पेपर दिला. त्यांना इंग्रजी येत होतं, सावकाश वाचायचे. त्यांनी सवयीने कोपरा बोटात धरून चोळला. मग पान उघडलं आणि माझं बोट जिथे होतं तिथे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी ओट्याच्या फरशीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली, आईच्या पदराकडे बघितलं. पदराखालून फडक्याचं टोक बाहेर आलं होतं.

"आहे," ते म्हणाले. "बारीक टाइपात आहे, पण आहे."

पेपराची घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवली. "तू दुपारी सोडत होतीस ना?"

आईने फडक्याचं टोक पदराखाली ओढून घेतलं. शेजारच्या बायका एकेक करून उठल्या. बाबाही उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. त्यांनी चूल पेटवलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. थोड्याच वेळात धूर ओट्यापर्यंत आला. आई खोकत आत गेली. "सरका तिकडे, घर काळं करून ठेवाल," असं ती म्हणाल्याचं ऐकू आलं, आणि त्यावर बाबांचा आवाज, की हात बांधलेला आहे तुझा, तू सांग, मी करतो.

बाबांनी खिचडी केली. तळाला लागली होती. चाचींनी वाटीभर महेरी आणून ठेवली आणि उंबऱ्यातूनच परत गेल्या. आईने नैवेद्य दाखवला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास घेतला. बाबा समोर बसून होते, ताट न घेता. त्यांचा शब्द त्यांनी त्या दिवसापुरता पाळला. पुढच्या आठवड्यापासून आमच्या घराचा वार गुरुवार झाला. ऑफिसात कुणीतरी चिडवलं तर ते म्हणत, "पेपरात आलं आहे. आमच्या मुलीने वाचलं."

मला त्यांनी कधीच काही विचारलं नाही. ते पान त्यांच्या हातात असताना त्यांच्यापुढे दोन गोष्टी होत्या, छापलेली आणि न छापलेली. कागदाच्या गिरणीत आयुष्य घालवणाऱ्या माणसाने न छापलेली निवडली. त्या दिवसांतलं मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं देणं आहे, असं मला आता वाटतं. चाचींचंही माझ्यावर ऋण आहे. त्या जबलपूरला बदली होऊन गेल्या तेव्हा मी त्यांना फक्त ठेच्याची बरणी नेऊन दिली.

आता मी दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. मायलो यायचं थांबलं. घरी आता रोज पोळ्या असतात, भाकरी कधीतरी. नव्या मुलांना भाकरी गावठी वाटते आणि महेरी माहीतच नाही. आई मात्र अजून करते, पांढऱ्या ज्वारीची. चाचींसारखी होत नाही म्हणते.

मागच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा तिला डबे उतरवून द्यायला मदत करत होते. बाकी सगळे पेपर वेळोवेळी रद्दीत गेले. ज्वारीच्या डब्याखाली मात्र एक पान अंथरलेलं होतं, पिवळं पडलेलं, कडेला तेलाचे डाग. खालच्या कोपऱ्यात टायर होता.

मी ते हातात घेऊन उभी राहिले. आईला इंग्रजी येत नाही, पण टायरचं चित्र कुणालाही कळतं.

"ठेव परत तिथंच," ती म्हणाली. "चांगला कागद आहे तो."

मी कोपरा बोटात धरून चोळून बघितला. मग पान सरळ करून अंथरलं आणि त्यावर डबा ठेवला. सोमवार होता. तिने चूल पेटवायला घेतली.