ताईच्या नावाचा चौकोन

तुम्ही जेवायला उठलात, आणि तेवढ्या वेळात तुमच्या नावाने कुणी होकार नोंदवला, तर तो होकार तुमचा का?

अंधेरी पूर्वेला आमचं छोटं ऑफिस आहे. औषधांच्या दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. त्यातला प्रत्येक बदल तपासून मग दुकानांकडे पाठवायचा असतो. हे सगळे टप्पे आपोआप व्हावेत म्हणून नवं टूल आणलं. स्क्रीनवर चौकोन मांडायचे, बाणांनी जोडायचे. एक चौकोन नवा कोड उचलतो, दुसरा चाचण्या चालवतो, शेवटचा बदल दुकानांकडे सोडतो. ही मांडणी माझ्याकडे आली, आणि सुरुवातीला मला त्यात मजाही वाटली.

मधल्या एका चौकोनात मात्र माणूस होता. भांडुपहून येणारी आमची टेस्टर ताई. चाचण्या पार पडल्या तरी ती स्वतः एक बिल करून बघायची, औषधाची मात्रा बरोबर छापली जाते का ते वाचायची आणि मगच ‘मंजूर’ दाबायची.

“सगळं तिच्याकडे अडतं,” आमचे टीमप्रमुख म्हणाले. “टायमर लाव. अर्ध्या तासात उत्तर आलं नाही तर हो समजायचं, पुढे सोडायचं.”

“आणि नोंदीत कोणाचं नाव, सर?”

“तिचंच. टेस्टर ती आहे ना?”

मला बाबा आठवले. मी मुलुंडला पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये वाढले. बाबा वस्तीतल्या सभांची पत्रकं लिहायचे. खाली निवेदकांची, म्हणजे सभा बोलावणाऱ्यांची, नावं असत, आणि प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारल्याशिवाय ते एकही नाव छापायला देत नसत. एकदा छापखान्याने गावाला गेलेल्या एका काकांचं नाव जुन्या पत्रकावरून उचललं. बाबांनी अख्खा गठ्ठा घरी आणला आणि आम्ही भावंडांनी बसून प्रत्येक कागदावरचं ते नाव पेनाने खोडलं. हात दुखले म्हणून कुरकुरले, तर बाबा म्हणाले, “पोलीस आले तर कोणाच्या दारात जातील?”

माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. तरी जेवताना ताईला सगळं सांगितलं. ती आधी हसली.

“म्हणजे मी भेंडी खातेय आणि तिकडे मी मंजूरही करतेय? झकास!”

“मी उलटं करते, ताई. तुझं उत्तर नाही आलं तर काम थांबेल.”

तिचं हसणं गेलं. “आणि थांबलं की सगळे माझ्याकडे बघणार. आधीच म्हणतात, ही स्लो आहे. तू पत्रकवाली, भांडून मोकळी होशील. वाट माझी लागेल ना गं.”

पुढे सोडलं आणि चुकलं, तर ताईचं नाव. अडवलं, तरी ताईचंच नाव. दुपारभर मी तो एक बाण इकडून तिकडे ओढत बसले. शेवटी बाण कुठेच न जोडता ताईला घेऊनच सरांकडे गेले.

“सर, टायमर लावते. पण वेळ संपून बदल पुढे गेला, तर नोंदीत तुमचं नाव टाकते.”

“माझं? मी कुठे तपासलंय?”

“तिने तरी कुठे तपासलेलं असेल?” मी म्हणाले.

ताई जमिनीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “सर, एक माणूस जोडीला द्या. मी नसेन तेव्हा तो बघेल. कशाला अडेल मग?”

सरांनी माझी मांडणी स्क्रीनवर एकदा वर-खाली करून पाहिली. “सोमवारी बोलू,” म्हणाले. “तोवर टायमर नको.”

सोमवार अजून यायचाय. ताई हल्ली डब्याशेजारी फोन उताणा ठेवून जेवते, मंजुरीसाठी काही आलंय का ते बघायला घास तोंडात असतानाच अंगठ्याने स्क्रीन उघडते. मात्र एवढं कळलंय की अशी मांडणी फक्त आमच्याच ऑफिसात होत नसणार. म्हणून एक मागणं आहे. उद्या कामावर गेलात की तुमच्याकडची ती चौकोन-बाणांची मांडणी उघडायला लावा. उत्तर न देणाऱ्याच्या नावापुढे काय नोंदलं जातं ते बघा. तिथे होकार असेल, तर ते नाव ज्याचं आहे त्याच्या टेबलापाशी जा आणि त्याला सांगा.