पायऱ्यांपाशी अडलेली पाहणी

थांबाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. धर्मविद्यालयात, म्हणजे चर्चचे पाळक जिथे घडतात तिथे, बाईंनी उभी हयात प्रवचन कसं करावं हे शिकवण्यात घालवली. एखादा विद्यार्थी व्यासपीठावर चढून आवाज लावायला लागला, हातवारे करत आकाशपाताळ एक करायला लागला, की मागून हाक यायची, "थांबा! हे कोणाला सांगताय? समोर कोण बसलंय ते आधी बघा, मग बोला." मुलं चिडायची. पुढे पाळक होऊन लांब लांब गेल्यावर तीच मुलं फोन करून सांगायची, "बाई, काल भर प्रवचनात मीच मला थांबवलं."

'उभी हयात' म्हटलं की बाई हसायच्या. "उभी कुठे राहिले मी? बसून काढली सगळी."

लहानपणी पोलिओने दोन्ही पाय नेले होते. आधी कुबड्या होत्या, मग चाकांची खुर्ची आली. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. प्राचार्य म्हणाले, "काळजी नको, दोन विद्यार्थी उचलून नेतील तुम्हाला." बाईंनी कुबड्या शिपायाच्या हातात दिल्या, पायरीवर बसल्या आणि पाठमोऱ्या, हातांच्या जोरावर, एकेक पायरी सरकत वर गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. कपडे धुळीने माखलेले, तळहात लाल झालेले, आणि सगळं विद्यालय कठड्याला टेकून गप्प उभं. आठवडा संपायच्या आत वर्ग खाली आला.

"दया आली म्हणून नाही आला," बाई सांगायच्या, "लाज वाटली म्हणून आला. दयेपेक्षा लाजेवर माझा भरवसा जास्त."

निवृत्तीनंतर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या. भावाचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, घर वरच्या मजल्यावर नव्हतं, दुकानाच्या मागेच होतं, आणि उंबरठे त्याने बहिणीसाठी फोडून सपाट केले होते. भावजय स्वभावाने मोकळी. दिवसभर कोणाशी ना कोणाशी बोलत असायची, कोणी नसलं तर कुकरशी.

आता धर्मविद्यालयांचं एक मान्यता मंडळ असतं. दर काही वर्षांनी मंडळाची समिती प्रत्येक विद्यालयात जाते, शिक्षक पुरेसे आहेत का, ग्रंथालय चालतंय का, वसतिगृहात माणसं राहू शकतात का, हे बघते, आणि मग त्या पदवीला मान्यता मिळते किंवा टिकते. बाईंचं नाव या मंडळाच्या यादीत वर्षानुवर्षं होतं. पण पाहणीला त्यांना कधी कोणी नेलं नाही. कुठे रात्रभराची गाडी, कुठे जीप, सगळीकडे जिने. "बाई, तुम्ही घरी बसून कागद बघा," असं म्हणत जाडजूड अहवाल त्यांच्याकडे यायचे. बाई ते डोळ्यांत तेल घालून वाचायच्या, प्रश्न काढायच्या. मंडळी ते प्रश्न घेऊन जायची आणि परत येऊन सांगायची, "सगळं व्यवस्थित आहे, बाई. जेवणही छान होतं."

मग साथीची वर्षं आली. प्रवास बंद पडले आणि पाहण्या व्हिडिओ कॉलवर आल्या. इतर सदस्य बावरले. कोणाचा आवाज जायचा, कोणाचं फक्त कपाळ दिसायचं. बाईंनी मात्र भावाकडून टेबलाची उंची खुर्चीला बरोबर बसेल अशी करून घेतली, दिवा तोंडासमोर लावून घेतला आणि पहिल्याच पाहणीत म्हणाल्या, "तुम्ही पाठवलेली फिल्म नको. फिल्म लग्नाच्या अल्बमसारखी असते, सगळेच हसत असतात. फोन हातात घ्या आणि चालायला लागा. मी सांगेन तिकडे."

ज्यांना आयुष्यात कोणी कुठे नेलं नव्हतं त्या बाई आता फोनबरोबर गच्चीपासून कोठीपर्यंत फिरू लागल्या. "तो नळ सोडा. पाणी येतंय? बरं." "मुलींच्या न्हाणीघरातला दिवा लावा." "त्या कपाटातलं पुस्तक काढून दाखवा." एका विद्यालयात ग्रंथालयाच्या कपाटाची किल्लीच सापडेना, आणि ती शोधाशोध सगळ्या समितीने पडद्यावर जिवंत पाहिली. मंडळाने बाईंना पाहणी समितीचं अध्यक्षपद दिलं. पाहणीच्या दिवशी घरात कुकर बंद. एकदा भावजय भाजी निवडत थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि पलीकडच्या प्राचार्यांनी तिला समितीची सदस्य समजून आदराने नमस्कार केला. ती महिनाभर सांगत होती.

आणि मग एका दुपारी मंडळाच्या सचिवांचा फोन आला.

"बाई, यंदापासून पुन्हा प्रत्यक्ष पाहणीच करायची असं चाललंय. वार्षिक बैठकीत ठराव येईल. ऑनलाइन म्हणजे शेवटी काय, खिडकीतून डोकावणं. खरी पाहणी पायांनीच होते."

"पायांनी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे... बोलण्याची एक पद्धत," सचिव चाचरले. "तुम्हाला आम्ही मानद सल्लागार करतोय."

"मानद म्हणजे मानेत हार घालायचा आणि मानेला धरूनच बाहेर काढायचं," बाई म्हणाल्या. "टेकडीवरच्या विद्यालयाची पाहणी ठरलेली आहे. ती मी करणार. बैठकीचं बैठकीत बघू."

रागाने माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. बाईंचे तळपाय जमिनीला क्वचितच लागत, म्हणून असेल, त्यांची आग सुरूच मस्तकात व्हायची. त्या दिवशी भावजयीने दोनदा चहा विचारला आणि दोन्ही वेळा गप्पच परत गेली.

टेकडीवरचं विद्यालय नावाजलेलं. दगडी इमारत, घंटेचा मनोरा, फुलांचे ताटवे, आणि खर्जातल्या आवाजाचे भारदस्त प्राचार्य. समितीत बाईंबरोबर एक निवृत्त ग्रंथपाल होते आणि दुसऱ्या विद्यालयातले एक तरुण प्राध्यापक. तिघं आपापल्या घरातून पडद्यावर. प्राचार्यांनी स्वागत केलं आणि विचारलं, "कुठून सुरुवात करू या?"

"फाटकापासून," बाई म्हणाल्या. "ऑफिसात चाकांची खुर्ची असेल ना, गोल फिरणारी? ती फाटकात आणा. फोन त्या खुर्चीवर नीट बांधा. आणि खुर्ची ढकलत मला प्रार्थनामंदिरात न्या."

प्राचार्य हसले. त्यांना ती गंमत वाटली. कारकुनाने फोन दोरीने खुर्चीच्या पाठीला बांधला आणि खुर्ची खडखडत निघाली. पडदा इतका हलत होता की ग्रंथपालांनी चष्मा काढून डोळे मिटून घेतले. ताटवे गेले, मनोरा आला, प्रार्थनामंदिराचं मोठं दार दिसलं, आणि दारापुढच्या पायऱ्यांशी खुर्ची थांबली. कारकुनाने फोन सोडवायला हात घातला.

"थांबा. फोन उचलू नका. खुर्ची वर न्या."

"बाई, पायऱ्या आहेत."

"दिसतायत. दुसऱ्या बाजूने वाट असेल?"

नव्हती. ग्रंथालयाकडे नेलं, तिथेही पायऱ्या. वर्गांना जिना. जेवणघराला उंच चौथरा. प्रत्येक ठिकाणी कारकून थांबायचा, बाई म्हणायच्या, "लिहून घ्या, इथपर्यंतच." शेवटी प्राचार्यांचा खर्ज चढला.

"ही इमारत फार जुनी आहे. आणि खरं सांगू का, चालता न येणारा विद्यार्थी आमच्याकडे कधी आलेलाच नाही."

"येईल कसा?" बाई म्हणाल्या. "तुमच्या दारातूनच तो परत जाईल."

तरुण प्राध्यापक अवघडून खाली बघत राहिले. ग्रंथपालांनी मात्र चष्मा पुन्हा चढवला आणि पहिल्यांदाच बोलले, "ग्रंथालयात न जाता आल्यामुळे मी ग्रंथालयाबद्दल काहीच लिहू शकत नाही, असं लिहितो."

दुपारी विद्यार्थ्यांशी बोलायचं होतं. बाईंनी आधी कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला, कोपऱ्यात बसलेल्या दोन शिक्षकांना गोड बोलून बाहेर पाठवलं, आणि विचारलं, चालायला अडचण असलेलं कोणी इथे कधी शिकायला आलं होतं का. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग शेवटच्या वर्षाची एक मुलगी उठली.

"होता एक. आमच्याच वर्गात. कुबड्या घेऊन चालायचा. वर्गात जाताना मुलं त्याला पाठीवर घ्यायची. कोणी कधी कुरकुर केली नाही, खरंच. पण एका सत्रानंतर तो निघून गेला. जाताना म्हणाला, पाळक म्हणजे लोकांचा मेंढपाळ, मी मेंढपाळ व्हायला आलो होतो, खांद्यावरचं मेंढरू व्हायला नाही."

बाईंनी पाण्याचा पेला उचलला, पण प्यायल्या नाहीत. तसाच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बस, बाळ. तू बोललीस ते बरं केलंस. तुझं नाव अहवालात येणार नाही."

अहवालात त्यांनी लिहिलं: प्रार्थनामंदिर, ग्रंथालय आणि वर्ग इथे सर्वांना जाता येईल अशी वाट होईपर्यंत पूर्ण मान्यता देऊ नये. चौथ्या दिवशी सचिवांचा फोन.

"बाई, एवढं वाक्य काढा. निकषांत पायऱ्यांचा उल्लेखच नाही."

"निकषांत 'सर्व विद्यार्थी' असं आहे. 'सर्व'मध्ये मी येते की नाही, तेवढं सांगा."

"तुम्ही हे फार मनाला लावून घेताय."

"मनाला नाही, चाकाला लागलंय."

वार्षिक बैठक मंडळाच्या कार्यालयात होती. कार्यालय वरच्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. इतकी वर्षं बाई या बैठकीला फोनवरून हजर राहायच्या. या वेळी त्यांनी भावाला गाडी काढायला सांगितली. "खरी पाहणी पायांनीच होते ना? मग आपण प्रत्यक्षच जाऊ."

भावाने दिवसभर दुकान बंद ठेवलं. इमारतीखाली, स्कूटर लावायच्या जागेत, त्याने बाईंची खुर्ची उतरवली. सचिव धावत खाली आले. "अहो बाई, आधी कळवायचं! चौघं जण आणतो, उचलून नेतो वर."

"उचलायच्याच असतील तर वरच्या खुर्च्या उचला," बाई म्हणाल्या. "आणि खाली आणा. मी सदस्य आहे, सामान नाही."

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "ताणू नकोस गं जास्त."

"तू गाडीत बस जा."

सचिवांचा चेहरा पडला. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष, एक म्हातारे बिशप, गाडीतून उतरले. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं, त्या जिन्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खालीच बसू या. माझे गुडघे हेच म्हणतायत कधीपासून, पण त्यांचा ठराव कोणी मांडत नव्हतं."

खुर्च्या खाली आल्या. स्कूटर बाजूला सारल्या गेल्या. वर कबुतरं घुमत होती, येणारेजाणारे वाकून बघत होते, आणि पेट्रोलच्या वासात मंडळाची वार्षिक बैठक सुरू झाली.

सचिवांनी ठराव मांडला, आणि चांगला मांडला. पडद्यावर स्वयंपाकघराचा वास येत नाही, ओसरीत सहज भेटणारा माणूस भेटत नाही, न दाखवलेलं दिसत नाही. बाई उठल्या नाहीत, अर्थातच. पण बोलल्या तेव्हा कबुतरंसुद्धा गप्प बसल्यासारखी वाटली.

"सचिव म्हणतात ते खरं आहे. एका ठिकाणी गळकं छत मला पडद्यावर दिसलं नाही. ती चूक माझी. पण तुम्ही पायांनी गेलात, वर्षानुवर्षं गेलात, टेकडीवर तर कितीदा. त्या पायऱ्या तुम्ही चढलात आणि तुम्हाला त्या दिसल्या नाहीत. तेव्हा काहींनी पायांनी जावं आणि काहींनी पडद्यावरून बघावं, दोघांचा हक्क सारखा. आणि मला घरी बसवायचंच असेल, तर पुढच्या पाहणीला मी प्रत्यक्ष जाईन. आत जाता आलं नाही तर फाटकात बसेन आणि फाटकाचाच अहवाल लिहीन."

मतदान झालं. ऑनलाइन पाहणी राहिली, बाईंचं पदही राहिलं. पण टेकडीच्या अहवालातली अट बहुमताने सौम्य झाली: 'अट' खोडून 'शिफारस' लिहायचं ठरलं, आणि मान्यता कमी मुदतीची. सचिवांनी सहीसाठी कागद पुढे केला. बाईंनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

"शिफारशीवर माझी सही नाही. माझं वेगळं मत जोडा, तेही अहवालाबरोबर छापा. नाही छापलंत तर मी प्रत्येक विद्यालयाला स्वतः पाठवीन."

छापलं. बिशपांनीच छापायला लावलं.

गाडीत बसून भावाने चावी फिरवली. मग म्हणाला, "अर्धंच मिळालं."

"हो. खाल्लंय का काही तू? मला भूक लागलीय."

टेकडीवरच्या प्राचार्यांनी मंडळाकडे मोठी तक्रार केली. पण बाईंचं वेगळं मत सगळ्या विद्यालयांत पोचलं होतं, लोक विचारायला लागले होते, आणि वर्ष सरता सरता टेकडीवरून निरोप आला की ग्रंथालयाला उतार बांधला आहे, समितीने बघून घ्यावा. बाईंनी कॉल लावला. उतार होता खरा, पण इतका खडा की शेळीसुद्धा दोनदा विचार करून चढली असती.

"फोन बांधू का खुर्चीला?" कारकुनाने विचारलं.

"नको. या वेळी खुर्चीत प्राचार्य बसू देत. आणि हातांनी चाकं ढकलत वर येऊ देत."

बराच वेळ पडद्यावर नुसता उतार दिसत होता. मग प्राचार्य आले. कुठूनतरी आणलेल्या चाकांच्या खुर्चीत, कोट सावरत, ते बसले. दोन हात मारले, खुर्ची थोडी चढली आणि सरकन मागे आली. कारकुनाने पाठ धरली नसती तर ताटव्यात गेले असते. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. श्वास लागला होता. खुर्चीतून न उठता त्यांनी वर, ग्रंथालयाच्या दाराकडे बघितलं.

"उतार आहे, चढता येत नाही," बाई लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या. "तोडून पुन्हा बांधा. लांब घ्या, वळण द्या. कधी येऊ बघायला?"

"पुढच्या सत्रात," प्राचार्य म्हणाले.

"तारीख सांगा," बाई म्हणाल्या.