लवूची जीभ आणि चाळीचं गाऱ्हाणं

भांडुपच्या त्या चाळीत लवू परब घोरायला लागला की तीन खोल्यांपलीकडची माणसं कूस बदलत. त्याचं कुणाला नवल नव्हतं. पण झोपेत श्वास अडकायचा, म्हणून दिवसा डुलक्या यायच्या, आणि लवू चालवायचा मरोळच्या गोदामात फोर्कलिफ्ट! एकदा डोळा लागला आणि गाडी खोक्यांच्या थप्पीला जाऊन टेकली. कुणी पाहिलं नाही, पण लवूने घाबरून गुपचूप डॉक्टर गाठला. "सुरुवातच आहे," म्हणत डॉक्टरांनी त्याला मुलुंडला गंधाली मॅडमकडे पाठवलं, झोपेत जीभ-घसा सैल पडून श्वास अडकू नये म्हणून तोंडाचे व्यायाम शिकायला.

मॅडम त्याच्या मुलीच्या वयाची. "काका, जीभ टाळूला चिकटवा, तीस मोजा. आता टॉक् करून सोडा. आता बाहेर, नाकाकडे. श्वास मात्र नाकानेच. दिवसातून पाच वेळा, आरशासमोर. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

घरात आरसा एकच, मोरीतला. मोरीची खिडकी गॅलरीत उघडणारी, आणि समोर नलिनीबाईंचं दार. बातमी सांगितल्याशिवाय बाईंना जेवण पचत नसे. आठवड्यात चाळभर झालं, "लवू मला जीभ दाखवतो गं! गाल काय फुगवतो, टॉक् टॉक् काय करतो! अंगात शिरलंय काहीतरी मेल्याच्या."

"सांगून टाका ना एकदाचं," बायको प्रेमा वैतागली.

"कुणाला? तिचा भाऊ राजेश पलीकडच्या खोलीत राहतो, आणि गोदामात माझा सुपरवायझर. संध्याकाळच्या आत गाडीची किल्ली जाईल."

"मग लोकांनी भूत लागलंय म्हणायचं?"

"भूत लागलेल्याला नोकरीवरून काढत नाहीत गं."

माघी गणपती आला. गावच्या रीतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान लवूचा. ज्याचं जे दुखणं ते त्याने लवूच्या कानात सांगायचं, आणि लवूने ते खणखणीत आवाजात देवाला ऐकवायचं. गाळायचं काही नाही. यंदा नलिनीबाई कानाशी आल्या, काहीतरी कुजबुजल्या आणि गालात हसत मागे सरल्या. लवूने एकदा प्रेमाकडे पाहिलं. पण मान तो मान.

"बा देवा म्हाराजा! ह्या लवू परबाच्या अंगात जा काय शिरला आसा, जीभ काढून शेजारणीक वाकुल्या दाखवता, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली. सगळ्यांत मोठा आवाज प्रेमाचा.

दुसऱ्या सकाळी नलिनीबाई दारात खुर्ची टाकून बसल्या, देवाने ऐकलं का ते बघायला. तीन महिन्यांतले नऊ आठवडे अजून बाकी. जीभ काढावी तर चाळ मांत्रिक आणणार, न काढावी तर गाडी पुन्हा थप्पीत.

लवूने मोरीतला आरसा खिळ्यावरून काढून खिशात घातला, बादली उचलली आणि गॅलरीच्या टोकाचा संडास गाठला. कडी लावली. आत नाक दाबून धरावं असा वास, आणि श्वास नाकानेच घ्यायचा! त्याने जीभ टाळूला चिकटवली. एक, दोन, तीन...

दारावर थाप पडली. राजेश.

"लवू, किती वेळ रे? झोपलास काय आत?"

'नाही' म्हणायला जीभ सोडवावी लागली असती, आणि मध्ये सोडली की पुन्हा एकपासून, असं मॅडमने बजावलेलं. लवू आरशात बघत मोजत राहिला. अकरा, बारा...