फी कोणी भरायची

मी इंजिनिअरिंगला लागले तेव्हा माझी फी सरकारने भरली. मामाच्या मुलीची मात्र नाही. आम्ही दोघी एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. माझ्या बाबांची सौंदडला धानाची शेती. मामाचं गोंदियात हार्डवेअरचं दुकान, म्हणून त्याचं उत्पन्न मर्यादेच्या वर. मामा घरी जेवायला आला की विषय निघायचाच.

"टॅक्स मी भरतो आणि फी माफ होते भाऊजींच्या पोरीची. हा कुठला इन्साफ?"

"मी काय भरून नाही राहिलो?" बाबा म्हणायचे. "डिझेलवर भरतो, खतावर भरतो. तुमच्या दुकानातून खिळे घेतले तरी भरतो."

आई भात वाढता वाढता दोघांना गप्प करायची. मी मात्र खाली मान घालून जेवायची, कारण मामाचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. विषय, कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च सरकारने करावा का? चिठ्ठ्या टाकल्या, तर 'करावा' आलं मामेबहिणीला आणि 'करू नये' मला! आम्ही हसून हसून बेजार. मग ठरवलं, तयारीसाठी तिने माझ्या बाबांकडे जायचं, मी मामाकडे. मामाने गिऱ्हाइकं थांबवून मला शिकवलं. बाबांनी तिला गावची बोडी, म्हणजे आमचं जुनं तळं, फिरून दाखवलं.

स्पर्धेला दोघंही आले, शेजारी बसले. "फुकट शिकलेल्याने नोकरी लागल्यावर पैसे परत करावेत," असं मी ठणकावलं. मामा मान डोलवत होता. मग त्याची मुलगी उठली.

"बोडी अख्ख्या गावानं खणली, म्हणून सगळ्यांची वावरं भिजतात. माझ्या बहिणीची फी माफ झाली याचा मला राग नाही. माझीही करा, एवढंच म्हणणं आहे!"

टाळ्यांत सगळ्यात आधी मामा उभा राहिला. बाबांनी त्याचा शर्ट ओढला. "साळेभाऊ, तुमची बाजू हारून राहिली ना!"

"हारू द्या! पोरगी कोणाची आहे?"

ती पहिली आली, मी दुसरी. आम्हाला सौंदडला सोडताना मामाने कोहमाऱ्याच्या ढाब्यावर गाडी थांबवली. बाबा हळूच म्हणाले, "नोकरी लागल्यावर परत भरायचं, हे मले पटलं बा."

"कायले?" मामा उसळला. "सगळ्यांचीच माफ करा!"

दोघांची पुन्हा जुंपली. आम्ही पोटभर हसलो आणि आणखी एक प्लेट भजी मागवली.